उरलेला एक टक्का

एका पेशीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, चाराच्या आठ. दहाव्या फेरीला पेशी हजाराच्या वर जातात, विसाव्या फेरीला दहा लाखांच्या वर आणि तिसाव्या फेरीला १०७ कोटींवर. कर्करोगाच्या गाठीचा एक घन सेंटिमीटरचा तुकडा घेतला तर त्यात साधारण शंभर कोटी पेशी असतात, असं वैद्यकाची पुस्तकं पूर्वापार धरत आली. अलीकडे काही अभ्यासक हा आकडा दहा कोटींपर्यंत खाली आणतात. दहापटीचा हा वाद ऐकायला मोठा वाटतो, पण दुपटीच्या फेऱ्यांत मोजला तर तो जेमतेम सव्वातीन फेऱ्यांचा आहे.

मेंदूतल्या गाठीबद्दल बोलायचं तर फेऱ्यांचा हा हिशेब आधी हाताशी हवा. सकाळी उठल्यावर डोकं ठणकतं, उलटी होते, बोलता बोलता ओळखीचा शब्द सापडत नाही, एके दिवशी अचानक आकडी येते. मग एमआरआय होतो आणि फिल्मवर दीड-दोन सेंटिमीटरचा डाग दिसतो. घरच्यांच्या दृष्टीने आजार त्या दिवशी सुरू होतो. गाठीच्या तोवर तीसएक फेऱ्या उरकलेल्या असतात. आणखी दहा फेऱ्या झाल्या तर पेशी एक लाख कोटींच्या पुढे जातील आणि वजन किलोभर होईल. कवटीत तेवढी जागाच नसते. म्हणजे निदान कितीही लवकर झालं तरी दुपटीच्या हिशेबात ते उशिराच झालेलं असतं. ‘आधीच दाखवायला हवं होतं’ म्हणून स्वतःला खात बसलेल्या प्रत्येक कुटुंबाला हे गणित कुणीतरी शांतपणे समजावून सांगावं, असं मला फार वाटतं.

गाठ वाढते ती जागाही विलक्षण आहे. मेंदूचं वजन दीड किलोच्या आत, म्हणजे शरीराच्या दोन टक्के, पण शरीराची वीस टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. त्यात पेशी किती, याचं उत्तर कित्येक वर्षं ठोकताळ्याने दिलं जात होतं. शंभर अब्ज चेतापेशी आणि त्यांच्या दहापट आधारपेशी, असं सगळीकडे छापलं जाई. ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हूझेल यांनी खरोखर मोजायचं ठरवलं. त्यांनी मेंदू रसायनात विरघळवून त्याचं एकसारखं द्रावण केलं. पेशींची केंद्रकं त्यात शाबूत राहतात. द्रावण नीट ढवळून थोडंसं सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचं, केंद्रकं मोजायची आणि गुणाकार करायचा. २००९मध्ये त्यांच्या गटाचं उत्तर आलं: ८६ अब्ज चेतापेशी आणि जवळजवळ तेवढ्याच, सुमारे ८५ अब्ज, इतर पेशी. या दुसऱ्या गटात चेतापेशींना सांभाळणाऱ्या ग्लिया पेशी येतात. मेंदूतल्या सर्वांत जहाल गाठी ग्लियांच्याच गोतावळ्यातून उपजतात.

या पेशी एकमेकींत किती गुंतलेल्या असतात, ते मे २०२४मध्ये हार्वर्डच्या जेफ लिक्टमन यांचा गट आणि गूगल यांनी मिळून दाखवलं. आकडीच्या आजारासाठी शस्त्रक्रिया झालेल्या एका स्त्रीच्या मेंदूचा अगदी छोटा तुकडा त्यांनी घेतला. तीन मिलिमीटर रुंद, दोन मिलिमीटर लांब, जाडी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. सगळं मिळून एक घन मिलिमीटर. त्याचे सुमारे तीस नॅनोमीटर जाडीचे पाच हजारांवर काप केले, प्रत्येक कापाची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रं घेतली आणि संगणकाकडून ती एकमेकांवर जुळवून घेतली. त्या कणात सापडल्या ५७ हजार पेशी, २३ सेंटिमीटर लांबीच्या रक्तवाहिन्या आणि पेशींमधले १५ कोटी सांधे. नोंदींनी जागा खाल्ली १,४०० टेराबाइट. असे बारा लाख घन मिलिमीटर आपल्या प्रत्येकाच्या कवटीत आहेत. मेंदूचा सर्जन चिमट्याने गाठ सोडवत असतो, तेव्हा त्या चिमट्याच्या टोकाशी हे सगळं असतं.

आता मूळ आजार. जगभरात दर वर्षी मेंदूच्या आणि मज्जासंस्थेच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख २० हजार नवे रुग्ण आढळतात आणि अडीच लाखांच्या आसपास माणसं त्याने दगावतात. हे २०२२चे आकडे. सगळ्या कर्करोगांचे मिळून वर्षाला दोन कोटी रुग्ण होतात, त्यात हा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी. त्यातली सर्वांत वाईट गाठ म्हणजे ग्लिओब्लास्टोमा. तिला स्पष्ट काठ नसतो. फिल्मवर दिसतो तो डाग म्हणजे दाटीचा मधला भाग. बाकीच्या पेशी चेतातंतूंच्या वाटांनी निरोगी दिसणाऱ्या मेंदूत कधीच पांगलेल्या असतात.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले वॉल्टर डँडी यांनी याचा जितका टोकाचा पुरावा दिला तितका दुसऱ्या कुणी दिला नसेल. अशा गाठींनी ज्यांची डावी बाजू आधीच लुळी पडली होती, त्या रुग्णांच्या मेंदूचा उजवा गोलार्ध त्यांनी पूर्ण काढला आणि १९२८मध्ये ते अनुभव प्रसिद्ध केले. निम्मा मोठा मेंदू काढूनही गाठी परत आल्या.

शस्त्रक्रियागृहाचं दार उघडतं तेव्हा बाहेर थांबलेला प्रत्येक नातेवाईक एकच विचारतो: ‘गाठ पूर्ण निघाली ना?’ डॉक्टर म्हणतात, ‘९९ टक्के काढली.’ ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. शाळेपासून आपण ९९ टक्के म्हणजे जवळजवळ सगळं, असंच शिकलेलो असतो. इथे मात्र उरलेल्या एकाच्या दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट होतात आणि सातव्या फेरीच्या आतच पुन्हा शंभर भरतात. इंद्रायणीतली जलपर्णी काढताना पाहिली असेल तर हे लगेच कळेल. यंत्राने नदीचं पात्र स्वच्छ होतं, काठाच्या लव्हाळ्यात चार रोपं राहतात आणि काही आठवड्यांत पाणी पुन्हा दिसेनासं होतं.

ग्लिओब्लास्टोमाची एक फेरी किती दिवसांची? नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१५मध्ये हे मोजलं. निदान झाल्यापासून शस्त्रक्रिया होईपर्यंतच्या दिवसांत ज्यांचे दोन एमआरआय झाले होते, अशा शंभरावर रुग्णांच्या गाठींचं आकारमान त्यांनी ताडून पाहिलं. दुप्पट व्हायला लागणारा मध्यक काळ निघाला सुमारे ५० दिवस. आता गुणाकार करा. ९० टक्के गाठ काढली तर घड्याळ ३.३ फेऱ्यांनी, म्हणजे १६६ दिवसांनी मागे जातं. ९९ टक्के काढली तर ३३२ दिवसांनी. ९९.९ टक्के काढली तर पाचशे दिवसांनी. प्रत्येक जादा नवाच्या आकड्यामागे तेच साडेपाच महिने. प्रत्यक्षात गाठ इतक्या सरळ नियमाने वाढत नाही आणि शस्त्रक्रियेनंतर औषधं तिचा वेग बदलतात, तरी या हिशेबाने एक गोष्ट लख्ख होते. पहिले ९० टक्के काढून जेवढा वेळ मिळतो, तेवढाच पुढचे ९ टक्के काढून मिळतो, आणि तेवढाच त्यापुढचे ०.९ टक्के काढून. मात्र त्या शेवटच्या भागातल्या पेशी बोलण्याच्या, चालण्याच्या, माणसं ओळखण्याच्या तंतूंमध्ये शिरलेल्या असतात. गाठीचा तो अंश काढायचा तर त्यासोबत माणूस किती काढायचा, हा प्रश्न सर्जनसमोर मिनिटामिनिटाला उभा असतो.

म्हणून शस्त्रक्रियागृहातलं पुष्कळ संशोधन या काठावर चाललं आहे. शस्त्रक्रियेच्या काही तास आधी रुग्णाला ५-एएलए नावाचं एक द्रावण प्यायला देतात. गाठीच्या पेशी त्यापासून असं द्रव्य बनवतात की निळ्या-जांभळ्या प्रकाशात त्या लालसर गुलाबी चमकतात. जर्मनीत झालेल्या आणि २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या प्रकाशाच्या मदतीने ६५ टक्के रुग्णांची एमआरआयवर उजळ दिसणारी गाठ पूर्ण काढता आली. नेहमीच्या पांढऱ्या प्रकाशात हेच प्रमाण ३६ टक्के होतं. नोव्हेंबर २०२४मध्ये मिशिगन आणि कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी फास्टग्लिओमा नावाची संगणकप्रणाली जाहीर केली. गाठ काढून झाल्यावर कडेचं कणभर ऊतक घ्यायचं, विशेष सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं, की तिथे गाठीच्या पेशी शिरल्यात का, हे दहा सेकंदांत कळतं. नेदरलँड्समधल्या एका गटाने गाठीची जात ओळखायलाही असाच वेग आणला. डीएनएवरच्या रासायनिक खुणा वाचून त्यांची स्टर्जन ही पद्धत, वाचन सुरू झाल्यापासून ४० मिनिटांत, ५० पैकी ४५ नमुन्यांची जात अचूक सांगू शकली. रुग्ण टेबलावर असतानाच सर्जनला कळतं की समोर काय आहे आणि कुठे थांबायचं.

उरलेल्या पेशींसाठी रेडिएशन असतं, ज्याला आपल्याकडे सरसकट शेक म्हणतात. सहा आठवडे, ३० बैठका, दर वेळी दोन ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक). २००५मध्ये रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांनी ५७३ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना नुसता शेक, निम्म्यांना शेकासोबत टेमोझोलोमाइड ही केमोची कॅप्सूल. आयुर्मानाचा मध्यक १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेला. अडीच महिने. आज वीस वर्षांनीही जगभरातल्या उपचाराचा पाया तोच आहे. ‘मध्यक १४.६’ याचा अर्थ प्रत्येकाला तेवढेच महिने, असा होत नाही. निम्मे रुग्ण त्याआधी गेले, निम्मे त्यानंतरही होते. पाच वर्षांनी कॅप्सूल घेतलेल्या गटातले जवळजवळ १० टक्के हयात होते आणि नुसता शेक घेतलेल्यांतले दोन टक्केही नाहीत. अडीच महिन्यांच्या फरकाआड पाच वर्षांनंतरची ही पाचपट झाकली जाते. रुग्णाच्या घरच्यांना फक्त पहिला आकडा सांगून दुसरा न सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

औषधांची यादी लांब का होत नाही, याचं एक कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांत आहे. त्यांची एकूण लांबी सुमारे सहाशे किलोमीटर भरते. सगळ्यात बारीक वाहिन्यांच्या आतलं अस्तर इतकं घट्ट विणलेलं असतं की रक्तातून आलेली छोट्या रेणूंची औषधंसुद्धा, नेहमी दिल्या जाणाऱ्या अंदाजानुसार, ९८ टक्के बाहेरच अडतात. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १७ रुग्णांच्या कवटीत अल्ट्रासाउंडचे नऊ बारीक उत्सर्जक बसवले होते. शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडायचे, काही मिनिटं ध्वनिलहरी द्यायच्या. बुडबुडे थरथरतात आणि अस्तराची वीण तेवढ्यापुरती सैल होते. रुग्ण जागा असतो. केमोच्या औषधांपैकी मेंदूत पोहोचणारं पॅक्लिटॅक्सेल ३.७ पट झालं आणि कार्बोप्लॅटिन ५.९ पट. तासाभरात वीण बव्हंशी पूर्ववत झाली. त्या एका तासाचा उपयोग कसा करायचा, यावर आता पुढच्या चाचण्या बेतल्या जात आहेत.

पण मला सर्वांत हादरवून गेला तो गाठ आणि मेंदू यांच्या नात्याचा शोध. हायडलबर्गचे फ्रँक विंकलर यांच्या गटाने उंदरांच्या कवटीला पारदर्शक खिडकी बसवली आणि आतली मानवी गाठ महिनोन्‌महिने वाढताना पाहिली. गाठीच्या पेशी सुट्या नव्हत्या. त्यांनी अर्ध्या मिलिमीटरहूनही लांब, अतिशय बारीक नळ्या काढून एकमेकींना जोडून घेतलं होतं. एखाद्या पेशीला मार बसला की दुसऱ्या तिची डागडुजी करत. २०१५चं हे संशोधन. २०१९मध्ये विंकलर यांच्या सहकाऱ्यांनी आणि स्वतंत्रपणे स्टॅनफर्डच्या मिशेल मॉन्जी यांनी आणखी पुढचं दाखवलं. गाठीच्या काही पेशी निरोगी चेतापेशींशी खरेखुरे सांधे जोडतात आणि त्यांच्याकडून येणाऱ्या विद्युत संदेशांवर वाढतात. आपण विचार करतो, बोलतो, आठवतो, त्या हालचालीवर गाठ पोसली जाते. विंकलर आणि मॉन्जी यांना २०२५चा ब्रेन प्राइझ मिळाला. आकडी थांबवणाऱ्या पेरॅम्पॅनेलसारख्या औषधाने हे सांधे मुके करता येतील का, याची चाचणी जर्मनीत सुरू झाली.

आकड्यांच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. माणसाच्या डीएनएची एक प्रत सुमारे ३१० कोटी अक्षरांची. २००८मध्ये ग्लिओब्लास्टोमाची जनुकं वाचताना काही तरुण रुग्णांत आयडीएच-१ या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं आढळलं. त्या अक्षरामुळे ४१४ अमिनो आम्लांच्या प्रथिनातलं १३२ क्रमांकाचं आम्ल बदलतं, पेशीत भलतंच रसायन साचतं आणि गाठीची वाट खुली होते. पुढे दिसलं की संथ वाढणाऱ्या ग्लिओमांपैकी, म्हणजे ग्लियांच्या गोतावळ्यातल्या गाठींपैकी, बहुतेकांच्या मुळाशी हाच बदल आहे. त्या बिघडलेल्या प्रथिनाला अडवणारं व्होरासिडेनिब हे औषध ३३१ रुग्णांवर तपासलं गेलं, आणि ऑगस्ट २०२४मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. दिवसाला एक गोळी. गाठ पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मध्यक काळ ११.१ महिन्यांवरून २७.७ महिन्यांवर गेला.

त्या चाचणीतला एक आकडा बातम्यांत फारसा आला नाही. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांची गाठ दर सहा महिन्यांनी १३.९ टक्क्यांनी वाढत होती. म्हणजे तिला दुप्पट व्हायला साधारण दोन वर्षं आठ महिने लागले असते. औषध घेणाऱ्यांची गाठ दर सहा महिन्यांनी अडीच टक्क्यांनी आकसत होती. इथे फेऱ्या मोजायचं कारणच उरत नाही. गाठ किती टक्के काढली, यापेक्षा ती किती दिवसांत दुप्पट होते हा आकडा रुग्णाच्या आयुष्यावर जास्त सत्ता गाजवतो, आणि आता या औषधाने त्या आकड्याला हात घातला आहे. म्हणून बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये आयडीएच आणि एमजीएमटी या दोन तपासण्या आहेत का, हे डॉक्टरांना नक्की विचारावं. पहिलीवरून गाठीचा स्वभाव कळतो, दुसरीवरून टेमोझोलोमाइड कितपत लागू पडेल याचा अंदाज येतो.

मुलांच्या बाबतीत आकडे लहान असतात आणि जास्त दुखतात. मेंदूच्या देठात पसरणारी डीआयपीजी ही गाठ कापून काढता येत नाही. नील आर्मस्ट्राँग यांची मुलगी कॅरन १९६२मध्ये, दोन वर्षांची असताना, याच आजाराने गेली. सात वर्षांनी तिचे वडील ३ लाख ८४ हजार किलोमीटरवरच्या चंद्रावर उतरले. त्यानंतर अर्धं शतक उलटलं तरी या आजारावर शेकापलीकडचा खात्रीचा उपचार नव्हता. नोव्हेंबर २०२४मध्ये स्टॅनफर्डच्या मॉन्जी आणि सहकाऱ्यांनी ११ मुलं आणि तरुण रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. रुग्णाच्याच रोगप्रतिकारक टी-पेशी काढून, गाठ ओळखायला शिकवून त्या परत सोडल्या होत्या. चार जणांच्या गाठी निम्म्याहून जास्त आकसल्या, त्यातल्या एकाची पूर्ण नाहीशी झाली. अकरांत एक. या आजाराच्या इतिहासात हा आकडा त्याआधी शून्य धरला जाई.

आणि मुंबईचं एक काम, ज्याचा आपल्याकडे पुरेसा बोलबाला झाला नाही. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी ३ ते २५ वयाच्या, संथ वाढणाऱ्या किंवा साध्या गाठींच्या २०० रुग्णांना दोन गटांत विभागलं. एकाला नेहमीचा शेक, दुसऱ्याला गाठीच्या आकाराशी बारकाईने जुळवलेला नेमका शेक. डोस तोच. जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फारसा फरक नव्हताच. इथे प्रश्न निराळा होता: वाचलेलं मूल पुढे शिकू शकेल का, त्याची उंची वाढेल का, ते वेळेवर वयात येईल का? पाच वर्षं प्रत्येकाची बुद्ध्यंक चाचणी आणि संप्रेरकं तपासली गेली. नेमका शेक मिळालेल्यांची बुद्धी जास्त चांगली टिकली. संप्रेरकांचे नवे बिघाड ५१ टक्क्यांऐवजी ३१ टक्क्यांत दिसले. २०० मुलं-तरुण मिळवायला २००१ ते २०१२ अशी अकरा वर्षं लागली, निष्कर्ष २०१७मध्ये छापून आले. दरम्यान त्यातल्या कित्येकांची दहावी झाली, काहींचं कॉलेज. आता खारघरला टाटाच्याच अ‍ॅक्ट्रेक केंद्रात, २०२३पासून, प्रोटॉनचं यंत्र चालू आहे. प्रोटॉनचा झोत ठरावीक खोलीवर जाऊन थांबतो आणि गाठीपलीकडच्या मेंदूला जवळजवळ लागतच नाही.